नळाला बांधलेली तार

आमच्या खोलीत लाईटीच्या बोर्डाखालनं एक उघडी तार निघायची. जस्ताची, जाडसर. भिंतीवरनं ती मोरीच्या झरोक्यात जायची आन् तितं नळाच्या लोखंडी पाइपाला येढं मारून बांधलेली. आमी ऱ्हायला आलो तवापासनं व्हती. आधीच्या भाडेकरनीनं कपडे वाळत घालायला बांधली आसंल असं मला वाटलं, म्हनून मी पोरीच्या लंगोट्या तिच्यावरच घालायची. चांगली ताणलेली तार, गंज न्हाय, सकाळचं ऊन बी तितंच यायचं. आजून काय पायजे बाईमानसाला. आता ती तार न्हाय, आन् मला रातची झोप लागती, म्हनून ह्ये सांगायला बसलेय. त्या दिसांत कुनी इचारलं असतं तर मला येक शबुद धड बोलता आला नसता.

आमी सोलापुरात भाड्यानं ऱ्हातो. एका वळीत चार खोल्या, घरमालक पुढं रस्त्याच्या अंगाला ऱ्हातोय. चारी खोल्यांच्या मागनं भिंतीला धरून येकच लोखंडी पाइप गेलाय, आन् त्याची येक येक फांदी परत्येकाच्या मोरीत खाली उतरलीया. तिला नळ. पानी चार-पाच दिसांनी येतं. पानी सुटलं की टिपाड, घागरी, पातेली, चहाचं भांडं बी भरून ठेवायचं. आमचे ह्ये टावेलच्या कारखान्यात पॅकिंगला जात्यात, अंधार पडल्याव येत्यात. घरात मी आन् माजी पोरगी. माजं माहेर सांगोल्याकडं, मेंढरामागं हिंडनारं घर. सातवी झाली आन् शाळा सुटली. लाईटीचं मला येवढंच ठावं व्हतं की ओल्या हातानं बटनाला शिवायचं न्हाय. नळाला शिवायचं न्हाय असं कुनी कवा सांगितलं न्हवतं.

गेल्या थंडीत आमची गल्ली उकरली. खालचा जुना लोखंडी पाइप सडला व्हता, पानी लाल यायचं, नळाच्या तोंडाला फडकं बांधलं की ते इटकरीच्या रंगाचं व्हायचं. मंग नवा पाइप टाकला, काळा पलाष्टिकचा, आन् आमच्या वळीच्या तोंडाशी आनून मालकाच्या जुन्या पाइपाला जोडून दिला. त्या दिशी पानी आलं ते असं निवळ, की शेजारच्या अक्कानं नळाला हळदीकुंकू लावलं. मी बी लावलं. आमाला काय म्हाईत.

अक्का म्हंजे आमच्या भिंतीला भिंत लावून ऱ्हाती ती. तेलगू मानसं, तिचा नवरा यंत्रमागावर कामाला हाय, ती घरी बिड्या वळती. तोंडानं फटकळ, पन माजं दुखनंखुपनं तीच बघायची.

मंग उन्हाळा आला. सोलापूरचा उन्हाळा म्हंजे दुपारी भिंतीला पाठ टेकवत न्हाय. पोरीच्या वढीनं सासूबाई बी मोहोळच्या अलीकडनं, गावाकडनं आल्या. मी त्येनला आत्या म्हनते. पोरगी तवा धरून हुबी ऱ्हायला लागली व्हती. काय घावंल ते धरायची, डबा, टिपाड, आत्यांचा पदर. आन् सगळ्यात आवडीची जागा म्हंजे मोरीतली ती पाइपाची फांदी. गार लागायची ना. नागडी-उघडी तितं जाऊन दोनी हातानं पाइप धरायची, गाल लावायची आन् मागं वळून हसायची.

येक दिशी सकाळी लंगोटी पिळून तारेवर टाकली आन् माज्या बोटापासनं कोपरापातूर मुंग्या आल्या. हात मागं घेतला. वाटलं पिळून पिळून शीर आखडली आसंल. दुसऱ्या दिशी भांडी घासताना नळाला हात लागला, तर तसंच. मुंग्याच, पन आतनं चावल्यागत. मी आत्याला सांगितलं.

आत्या म्हनाल्या, "बाळंतपनाचं वारं हाय त्ये. कान उघडं टाकून हिंडली आसशील, दुसरं काय."

"अवं पन नळाला हात लावला की येत्यात."

"मी लावते की. मला का न्हाय मंग?"

त्येंचं बी खरं व्हतं. आत्या मोरीत लाकडी पाटावर बसायच्या, गुडघं दुखत्यात म्हनून. पाट सोडून त्येंचं काम नसायचं. आमच्या ह्येंच्या पायात रबरी चप्पल, मोरीत जाताना बी काढायचे न्हाईत, त्यावरनं आमची कितीदा भांडनं झाल्याली. ओल्या फरशीवर अनवानी अशी मी येकटीच. आन् पोरगी.

येक दिशी पोरीला आंघोळ घालत व्हते. ती पाइप धरून हुबी, मी तांब्यानं पानी घालतीया. तिनं येकाएकी हात झटकला आन् मटकन खाली बसली. लगेच रडली न्हाय. आधी माज्याकडं बघितलं, मीच काय केलं जनू, आन् मंग व्हट काढून रडली. मी तिला तशीच उचलून भाईर पळाले, साबन अंगाला तसाच. आत्या मागनं म्हनत व्हत्या, दात येत्यात, दात.

रातच्याला ह्येंना सांगितलं. ह्येनी दुसऱ्या दिशी कारखान्यातल्या जॉबरकडनं, माग दुरुस्त करनाऱ्याकडनं, टेस्टर आनला, नळाला लावला, तारेला लावला, फिरिजला लावला. दिवा न्हाय. मला हात धरून दाखवलं. "बघ, हाय का काय? उगं मनात घेतीस आन् पोरीला बी भ्या घालतीस."

तरी मी भुनभुन लावली म्हनून घरमालकाला सांगून वायरमनला बोलावलं. तो दुपारचा आला, घाईतच. बोर्ड उघडला, झाकला, नळाला टेस्टर टेकवला. काय न्हाय. नेमकं त्या दिसांत मला बी मुंग्या येत न्हवत्या. मी नळाला हात लावून लावून दाखवत व्हते आन् काय व्हत न्हवतं. पोलिसापुढं चोर न घावल्यागत माजी गत.

तो म्हनाला, "ताई, लाईटीत काय न्हाय. तुमीच येकादं टॉनिक घ्या."

घरमालक हसला. आत्या हसल्या न्हाईत, ते जास्त वाईट. त्या माज्याकडं बारीक डोळं करून बघत बसल्या. सांजच्याला ह्येंच्यापाशी बोलताना मी ऐकलं, भाकरी थापता थापता. "पोरीला मी गावाकडं घेऊन जाते. म्हयना दोन म्हयनं. हिचं काय तरी बिनसलंय. झोपत न्हाय, लेकराला खाली सोडत न्हाय, नळाला भिती. उद्या लेकराचंच काय तरी करून बसायची."

ह्ये न्हाय म्हनलं न्हाईत म्हनून माज्या हातातली भाकरी तव्यावर टाकायची ऱ्हाऊन गेली. पोरगी त्या दिसांत आजून अंगावर पीत व्हती. तिला न्हेऊन गावाकडं शेळीच्या दुधावर ठेवनार. आन् मी हितं. भ्यायचं तरी कशाकशाला. नळात काय आसलं तर लेकराचा जीव जानार, आन् नसलं तर लेकरू जानार. मला तर वाटाय लागलं की आत्या म्हनत्यात तेच खरं, माज्या डोक्यातच काय तरी झालंय. चार मानसं म्हनत्यात न्हाय, टेस्टर म्हनतोय न्हाय, आन् मी येकटी म्हनतीया हाय.

पन तो टेस्टर मी परत दिला न्हाय. जॉबरनं मागितला तर ह्येंना म्हनलं घावना झालाय. फडताळात मिठाच्या बरनीमागं ठेवला. रोज सकाळी पोरगी उठायच्या आधी मोरीत जायचं, चप्पल घालायची, नळाला लावायचा. न्हाय. पोरगी निजली की दुपारचं परत. न्हाय. देवाला दिवा लावायचा चुकंल, पन ह्यो चुकला न्हाय. आत्या बघायच्या.

मंग येक दिशी, सोमवारच व्हता, ह्ये कामाला गेल्याव, ऊन वर आल्याव, मी टेस्टर टेकवला आन् त्येच्या पोटात दिवा लागला. लई बारका, ज्वारीच्या दान्यायेवढा, लाल.

खरं सांगते, आधी मला बरंच वाटलं. येडी न्हाय मी, येवढंच आलं मनात. मंग पोरगी धरती ती जागा दिसली, पाइपावर तिच्या हातानं घासून घासून जरा चकाकी आल्याली, आन् मी तितनंच हाक मारली.

"आत्या, हिकडं या. पोरीला घेऊन येऊ नका, तुमीच या."

आत्या आल्या, वाकून बघितलं. "ह्यो कसला दिवा?"

"नळात लाईट हाय."

"नळात कशी यील? बोर्ड बंद कर बरं समदा."

मी जाऊन मेन स्विच खाली वढला. पंखा थांबला, फिरिज गप झाला. परत येऊन टेस्टर लावला. दिवा तसाच. तारेला लावला, तितं बी. फिरिजच्या दाराला लावला, बंद पडलेला फिरिज, त्येला बी. घरात लाईट न्हाय आन् घरातल्या समद्या लोखंडात लाईट.

आत्यांनी मला दंडाला धरून भाईर वढलं. "चल भाईर. भाईर चल आधी." आन् पाळन्यातनं पोरगी उचलून छातीशी धरली आन् उंबऱ्याभाईर जाऊन हुब्या ऱ्हायल्या. "माज्या पोरी, तू बोंबलत व्हतीस, आन् मी वारं वारं करत बसले." येवढंच म्हनाल्या. मला तेवढं लई झालं.

आमी दोघी दारात हुब्या. खोलीत पंखा न्हाय, फिरिज न्हाय, समदं चिडीचूप. आन् त्या गपपनात भिंतीपलीकडनं आवाज यायला लागला. घुर्रर्र, घुर्रर्र. अक्काचा कूलर.

अक्काच्या नवऱ्याची पाळी आठवड्याला बदलती. दिवसपाळी आसली की दिवसा घरात कोन नसतं, कूलर बंद, आन् रातचं समदी भाईर वट्ट्यावर निजत्यात. रातपाळी आसली की तो सकाळी येऊन निजतो, आन् तो उठंस्तवर कूलर चालू. लोखंडी पत्र्याचा मोठा कूलर, आत पान्याची मोटर. मी बोटांवर मोजून मनात जमवाय लागले. पोरगी पडली तवा रातपाळी. वायरमन आला तवा दिवसपाळी, कारन अक्का त्या दुपारी माज्याकडं येऊन बसली व्हती बिड्या घेऊन, घरात येकटीला करमत न्हाय म्हनून. ह्येनी टेस्टर लावला तो सांजचा, तवर त्यो उठून कामाला गेलेला. आन् आज सोमवार. कालच्या रातीपासनं पाळी बदलली.

मी तशीच अक्काच्या दारात गेले. ती भाईर वट्ट्यावर बसली व्हती, मांडीवर सूप, सुपात पान आन् तंबाखू. आतलं दार लोटलेलं, कूलरचं वारं भाईर आलं तर तंबाखू उडती म्हनून.

"अक्का, तुमचा कूलर जरा बंद करा."

"का गं? आवाजानं पोरगी निजंना काय?"

"न्हाय. माज्या नळात लाईट आलीया."

अक्काची कात्री पानावर थांबली. "तुज्या नळात पानी येत न्हाय चार चार दिवस, आन् लाईट कुटून येती?"

"तुमच्या कूलरातनं."

"अय्यो. माजा कूलर माज्या घरात, तुजा नळ तुज्या घरात. मदी भिंत हाय की नाय?"

"अक्का, पाया पडते. नुसतं मी हाक मारंपातूर बंद करा."

"आत्ता मानूस निजलाय. रातभर मागावर हुबं ऱ्हाऊन आलाय. कूलर बंद केला तर उठून मलाच बिडीसारखं वळून बांधून टाकंल." पन तिनं माज्याकडं नीट बघितलं आन् सूप खाली ठेवलं. मी रडत व्हते म्हनं, मला आठवत न्हाय.

मी मोरीत, पायात ह्येंची रबरी चप्पल, हातात टेस्टर. आत्या मदी दारात पोरीला घेऊन, हिकडचं तिकडं सांगायला. अक्का तिच्या घरात.

आत्या वरडल्या, "केला बंद."

दिवा इझला.

"लावा म्हनावं," मी म्हनलं.

"लावलाय."

लागला.

"बंद करा."

इझला.

आमी असं किती वेळ केलं देव जाने. मला पटत न्हवतं. शेवटाला पलीकडनं कूलरच्या जागी अक्काच्या नवऱ्याचा आवाज आला, "एमायंदी? काय झालं?" आन् तो लुंगी सावरत घामेजलेला भाईर आला. "लाईट गेली काय?"

अक्का म्हनली, "गेली की. शेजारी गेली."

मंग तिनं माज्या हातातला टेस्टर घेतला आन् सोताच्या मोरीत गेली. कूलर परत लावायला लावला. भाईर येऊन सुपापाशी बसली आन् तळहात उलटा-सुलटा करून बघत म्हनली, "मला तर दोन म्हयनं झालं मुंग्या येतात. मी म्हनलं शुगर वाढली. डॉक्टरनं गोळी बी बदलून दिली."

आमी तिघी येकमेकीकडं बघाय लागलो, आन् आत्यालाच आधी हसू फुटलं. येकीचं वारं, येकीची शुगर. मी हसले की रडले ते सांगता येत न्हाय, पोरगी मातर आमाला बघून टाळ्या वाजवत व्हती.

सांजच्याला ह्ये आल्याव आत्यांनीच सांगितलं, मला बोलूच दिलं न्हाय. "तुजी बायकू बरूबर व्हती. तू आन् मी दोघं बी बिनडोक." ह्येनी मोरीत जाऊन पाइपाकडं बघितलं, मंग माज्याकडं. चप्पल काढली आन् मला दिली. "घालत जा ही. मी दुसरी घेतो." सॉरी-बिरी न्हाय म्हनाले. त्येंचं तसंच असतं.

घरमालक आयकायला तयार न्हवता. "माज्या वडलांच्या काळापासनं अर्थिंग नळालाच हाय. चारी खोल्यांची. कुनाला कवा काय झालं न्हाय."

तवा मला कळलं की ती कपडे वाळत घालायची तार न्हवती.

ह्ये म्हनाले, "काका, वायरमनला परत बोलवा, कूलर चालू आसताना."

"तो कूलर तेवढा बंद करा म्हंजे झालं. दुसऱ्याच्या कूलरासाठी मी घर उकरू का?"

आत्या पोरीला काखेत घेऊन पुढं झाल्या. "उकरू नका. पन तुमच्या मोरीत बी ह्योच पाइप जातोय की. सुट्टीला नातवंडं येनार हायेत न्हवं तुमची?"

घरमालकानं खिशातनं फोन काढला.

वायरमन दुसऱ्या दिशी आला, सकाळचाच, कूलर घुरघुरत आसताना. ह्या येळंला त्यानं घाई केली न्हाय. टेस्टर लावला, दिवा बघितला आन् डोक्याला हात लावला. आमच्या वळीच्या तोंडाशी गेला, जितं काळा पलाष्टिकचा पाइप जोडलाय तितं उकिडवा बसला आन् मला म्हनाला, "ताई, ह्ये बघा. ही जागा मी त्या दिशी बघायलाच पायजे व्हती."

त्यानं सांगितलं ते मला जसं कळलं तसं सांगते. कुटल्या बी यंत्रातनं करंट गळला, तर त्यो जमिनीत जायला वाट लागती. त्या वाटेसाठी ती तार. आधीच्या लोकांनी ती नळाला बांधली, कारन नळाचा पाइप लोखंडाचा, आन् त्यो पुढं समद्या गल्लीखालनं मातीतनंच जायचा. अक्काच्या कूलरातनं गळत आसंल ते तारेतनं पाइपात, पाइपातनं मातीत, कुनाला पत्ता न्हाय. लाल पानी यायचं तवर आमी बिनघोर व्हतो. मंग गल्लीत पलाष्टिक आलं. पलाष्टिकातनं पानी जातं, करंट जात न्हाय. आता आमच्या वळीतला लोखंडी पाइप भिंतीवर टांगल्यागत, मातीला कुटंच टेकलेला न्हाय. तारा मातर चारी घरच्या तशाच त्येला बांधलेल्या. त्यामुळं येका घरचं गळलं की चारी घरच्या नळांत येऊन बसायचं, आन् तारेतनं उलटं माज्या बंद फिरिजात बी. वाट मिळाली तर ती नळ धरनाऱ्याच्या अंगातनंच.

"मंग माज्या पोरीच्या अंगातनं गेला व्हता," मी म्हनलं.

तो माज्याकडं न बघता म्हनाला, "थोडका व्हता म्हनून बरं. कूलरातली मोटर आजून खराब झाली असती तर..." आजून बी कवा कवा त्येचं ते अर्धं वाक्य आठवलं की मी पोरीचं हात बघते, तळवं, बोटं. काय झालेलं न्हाय. गुबगुबीत हायेत. वरनं दवाखान्यात बी दाखवून आनलं, डॉक्टरनं छाती तपासली, ठनठनीत हाय म्हनाले, आन् तिनं त्येंचं नळकांडं वढून तोंडात घातलं.

त्यानं आधी चारी घरच्या तारा नळावरनं सोडल्या, कूलर बंद ठेवायला लावला. मंग वट्ट्याच्या कडंला खड्डा खांदला. चांगला खोल, आत हुबा ऱ्हायला तर नुसतं डोकं दिसावं. मदी येक लांब धातूचा पाइप हुबा केला आन् त्येच्या भवतीनं मीठ आन् कोळसा, मीठ आन् कोळसा, थरावर थर.

आत्या वरनं बघत व्हत्या. "लोनचं घालताय काय रं बाबा?"

"व्हय आजी. मुरलं की चांगलं लागतं."

त्या खड्ड्यातनं चारी खोल्यांच्या बोर्डाला नवी तार न्हेली, हिरवं कवर आसल्याली. परत्येकाच्या मेनपाशी येक डबी बसवली, करंट गळला की खटकन सोताच बंद पडनारी. तिच्यावर येक बारकं बटन असतं, ते दाबून त्यानं मला दाखवलं. खट, आन् पंखा बंद. मी म्हनलं परत दाखवा. परत दाखवलं. मी म्हनलं मला दाबू द्या. अक्काच्या कूलरची मोटर बी बदलली. मंग कूलर लावून चारी घरच्या नळाला टेस्टर लावला. दिवा न्हाय. तरी मी त्येला जाऊ देईना, दारातच हुबी. आता जाऊ का ताई, म्हनाला, का टॉनिक मीच घेऊ.

जाता जाता म्हनाला, "उन्हाळ्यात ह्या खड्ड्यात मदनं मदनं पानी वतत जावा. माती वाळली की अर्थिंग काम करत न्हाय."

घरमालक म्हनाला, "पानी? जमिनीला? हितं प्यायला मिळंना."

पन आता वतते मी आन् अक्का. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, पोरीच्या आंघोळीचं बादलीत धरून ठेवलेलं. आज तुजी पाळी, उद्या माजी. अक्का त्या खड्ड्याला मीठ-कोळशाची आई म्हनती, "आईला पाजलं काय गं पानी?" लंगोट्या आता सुताच्या दोरीवर वाळत्यात.

खड्डा झाल्याव पयलं पानी आलं तवा अक्काच्या नवऱ्याची रातपाळीच चालू व्हती. कूलर घुरघुरत व्हता. गल्लीत वरडा झाला, पानी आलं, पानी आलं, आन् आमी टिपाड नळाखाली लावलं. मी टेस्टर लावला. न्हाय. मंग चप्पल काढून उलट्या हातानं नळाला शिवले. न्हाय. मंग मूठ भरून धरला. धरून हुबीच ऱ्हायले, पानी हातावरनं वहात व्हतं, आत्या मागनं म्हनत व्हत्या, टिपाड भरून वाहातंय पोरी, कुटं ध्यान हाय. किती म्हयन्यांनी माजा खांदा खाली आला असं वाटलं. धरून ठेवल्यालं समदं अंगच सुटलं.

आत्यांची पिशवी भरून दाराशी ठेवलेली. दुपारच्या गाडीनं जानार व्हत्या, येकट्याच. पोरीच्या न्हेन्याचं परत कुनी नाव काढलं न्हाय, आन् मी बी काढलं न्हाय.

पोरगी रांगत मोरीत आली. मी तिला आडवलं न्हाय. तिनं पाइप धरला, हुबी ऱ्हायली, येक हात सोडून पान्याच्या धारंखाली घातला आन् जोरात फटकारलं. निम्मं पानी आत्यांच्या नव्या लुगड्यावर.

"बघ की ही कारटी," आत्या म्हनाल्या, "मला काय असं चिंब करून गावाला लावतीस व्हय गं?" आन् पाट न घेता, तशाच अनवानी पायानं मोरीत उतरून त्येनी तिला खाली बसवलं आन् दुसरा तांब्या भरून घेतला.